सतराव्या लेण्यातली लढाई

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या मिरजोळ्याच्या वाडीतल्या विहारात बैठक भरली होती. विषय विहाराच्या डागडुजीचा. मुंबईकर मंडळींनी वर्गणी जमवून पाठविली होती आणि पैसे हातात आले की मते फुटतात, तशी ती फुटली. कुणी म्हणे लाद्या बसवा, कुणी म्हणे आधी शौचालय बांधा. पण खरा वाद पेटला तो आतल्या मोठ्या भिंतीवरच्या चित्रावरून.

हे चित्र १९७७ सालचे आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली. वाडीतलाच एक तरुण रत्नागिरीत दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरीत असे. त्याने रात्री जागून ही भिंत रंगविली. तळ्याच्या पायऱ्या उतरणारी माणसे, सर्वांच्या पुढे बाबासाहेब, त्यांच्या ओंजळीत पाणी. पायऱ्यांवरच्या माणसांना त्याने चेहरे दिले ते आमच्याच वाडीतल्या म्हाताऱ्यांचे. तिसऱ्या पायरीवर माझे आजोबा आहेत. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांचा फोटोही घरी नाही, कारण फोटो काढण्याइतके पैसे तेव्हा कुणाकडे नव्हते. आजोबा कसे दिसत होते हे मला ठाऊक आहे ते त्या भिंतीमुळे.

आज ते चित्र काळवंडले आहे. वरून पाणी झिरपते, खालून ओल चढते, वर्षानुवर्षांच्या मेणबत्त्यांचा आणि अगरबत्तीचा धूर बसलेला आहे. त्यात वीस-बावीस वर्षांपूर्वी वाडीतल्या तात्यांनी वर चकाकी यावी म्हणून वार्निस फासले. ते पिवळे पडले आणि त्याखाली चित्रही. बैठकीत एका तरुणाने तात्यांना त्याबद्दल बोल लावला, तेव्हा तात्या उठून म्हणाले, "उजळंल म्हणून मारलं, बाबा. वाईट होवंदे म्हणून कुणी मारतो काय?"

सभा गप्प झाली. तात्यांचे ते वाक्य मी कधी विसरणार नाही. कारण जवळजवळ तेच वाक्य त्याआधीच्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात उभा असताना माझ्या मनात आले होते. जगात नावाजलेल्या त्या भिंतींवरही असेच कुणी कुणी, चांगल्याच हेतूने, वार्निस फासून गेले आहेत. ती सगळी हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

वाणी राजा झाला त्याची गोष्ट

मी पेशाने कारकून. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. महिला मंडळाच्या सहलीबरोबर एस.टी.ने अजिंठ्याला गेलो. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून दुसऱ्या बसने पुढे जावे लागते. वाघोरा नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणावर डोंगर कापून काढलेली ती लेणी आहेत. सतराव्या क्रमांकाचा विहार वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने भिक्षुसंघाला दान दिला, असे तिथला शिलालेख सांगतो.

आत गेल्यावर डोळे काळोखाला सरावायला वेळ लागतो. मग उजव्या हाताची भिंत हळूहळू उघडू लागते. होड्यांतून उतरणारे हत्ती, घोडे, भाले, छत्र्या, बाण, आणि त्यांच्यासमोर सुळे बाहेर आलेल्या राक्षसिणी. आमच्यातल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, "अगो बाय, विहारात ही लढाई कसली?"

ही लढाई सिंहलाची. ही कथा 'दिव्यावदान' या जुन्या बौद्ध संस्कृत ग्रंथात आहे. सिंहल हा एका व्यापाऱ्याचा मुलगा. पाचशे व्यापाऱ्यांसह तो समुद्रावर निघतो. वादळात गलबत फुटते आणि ते सारे ताम्रद्वीप नावाच्या बेटाला लागतात. तिथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, घर देतात, संसार थाटतात. पण सिंहलाला संशय येतो. तो शोध घेतो तेव्हा त्याला एक लोखंडी कोट सापडतो आणि आत आधी फसलेले व्यापारी कोंडलेले दिसतात. त्या स्त्रिया म्हणजे माणसे खाणाऱ्या राक्षसिणी! सुटकेचा मार्ग एकच, बलाह नावाचा अश्वराज. तो पाठीवर घेऊन समुद्र ओलांडून देणार, पण अट अशी की कुणी मागे वळून पाहायचे नाही. बाकीच्यांचा मोह सुटला नाही, ते वळले आणि पडले. सिंहल तेवढा वाचला.

त्याची राक्षसीण कडेवर मूल घेऊन त्याच्या गावी आली आणि नवऱ्याने टाकल्याचे रडगाणे गाऊ लागली. सिंहलाने राजाला सावध केले. राजाने ऐकले नाही. तिच्या रूपाला भुलून त्याने तिला राजवाड्यात ठेवून घेतले. एका रात्री तिने आपल्या साऱ्या जातभाईणींना बोलावले आणि राजासकट राजवाडा फस्त झाला. सकाळी वाड्यावर गिधाडे घिरट्या घालताना लोकांनी पाहिली. तेव्हा शिडी लावून, हातात तलवार घेऊन सिंहल आत उतरला आणि त्याने राक्षसिणींना हुसकून लावले. आता राजा कोण? लोकांनी विचार केला की ज्याने मोह ओळखला आणि जो संकटाला सामोरा गेला त्याच्याहून लायक दुसरा कोण? त्यांनी त्या वाण्याच्या मुलाला राज्याभिषेक केला. मग सैन्य घेऊन तो त्या बेटावर गेला. राक्षसिणी हरल्या, शरण आल्या. त्यांची कत्तल न करता, बेट सोडून जा आणि पुन्हा कुणाला त्रास देऊ नका, या अटीवर त्याने त्यांना सोडून दिले. म्हणून ते बेट सिंहलद्वीप झाले.

मावशींना मी एवढे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे जन्मानं राजा नव्हता तर!" नव्हता. लोकांनी निवडलेला होता. बुद्धाच्या विहारात ही लढाई का, याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. भिंतीवर पराक्रम आहे, पण मोठेपणा दिला आहे तो विवेकाला, आणि शरण आलेल्याला जीवदान देण्याला.

गंमत म्हणजे गेल्या शतकापूर्वीच्या इंग्रज अभ्यासकांनी हे चित्र ओळखताना चूक केली होती. श्रीलंकेच्या 'महावंस' ग्रंथातल्या विजय नावाच्या राजपुत्राच्या स्वारीचे हे चित्र आहे असे त्यांना वाटले, आणि जुन्या पुस्तकांत ते त्याच नावाने छापले गेले. म्हणजे व्यापाऱ्याच्या मुलाच्या जागी राजपुत्र येऊन बसला! पुढच्या अभ्यासकांनी प्रसंगामागून प्रसंग ताडून पाहिला आणि सिंहलाला त्याची जागा परत मिळाली. हे ताडणे सोपे नव्हते, कारण अजिंठ्याच्या चित्रकारांनी पुष्कळदा प्रसंग काळाच्या क्रमाने न मांडता ठिकाणाच्या क्रमाने मांडले आहेत. राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, बेटावरचे दुसरीकडे. गोष्ट आधी ठाऊक असेल तरच भिंत वाचता येते.

आमच्या आजीचा गिलावा

हे चित्र कशावर काढले आहे हे कळले तेव्हा मला आमची आजी आठवली. आपल्या कोकणात जुन्या घराच्या मातीच्या भिंती कशा सारवल्या जात? मातीत भाताचा तूस, गवताचे तुकडे, शेण कालवून. तूस आणि गवत मातीला धरून ठेवते, तडा जाऊ देत नाही. अजिंठ्याचा गिलावा याच कुळातला आहे. कातळाचा पृष्ठभाग खडबडीत ठेवून त्यावर मातीचा जाड थर, त्यात तूस, गवत, झाडांचे तंतू. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर. वर चुन्याचा पातळ हात. ते कोरडे झाल्यावर डिंक किंवा सरस मिसळलेले रंग. तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरी माती, हे सारे इथल्याच जमिनीतले. निळा मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. त्यावरूनच त्या काळच्या व्यापाराचा पल्ला कळतो.

युरोपात इटाली देशात पंधराव्या-सोळाव्या शतकात चित्रकलेला मोठा बहर आला. त्या काळाला प्रबोधनकाळ म्हणतात. तिथल्या भित्तिचित्रांची मुख्य रीत वेगळी होती. तिथे चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावीत. चुना वाळताना रंगाला पोटात घेई, आणि रंग भिंतीचाच होऊन जाई. अजिंठ्याचा रंग कोरड्या गिलाव्यावर बसलेला आहे. तो वरचा वर आहे. पाणी, घासणे, जोराचा हात यांतले काहीच तो सोसत नाही. पुढची सगळी कर्मकथा या फरकाच्या पायावर उभी आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

कौतुकाने केलेले नुकसान

भिक्षुसंघ निघून गेल्यावर कित्येक शतके लेणी रानात पडून राहिली. वटवाघळे होती, पावसाचे झिरपणे होते, आश्रयाला येणाऱ्यांच्या चुलींचा धूर होता. तरीही चित्रे तगली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला असता दहाव्या लेण्यात शिरला. त्याने काय केले? खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्यानंतर येणाऱ्या पाहुण्यांपैकी काहींनी तर चित्रांचे तुकडे गिलाव्यासकट काढून नेले. असा एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

मग आले नकला करणारे. हे लोक लुटारू नव्हते, चित्रांवर जीव लावणारे होते. रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये हे काम सोपविले. त्याने हयातीतली वर्षानुवर्षे इथे घालविली. त्याच्या मोठमोठ्या नकला लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाला आलेले चित्रकार होते. सुमारे तीनशे नकला झाल्या. त्या लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथे पुन्हा आग! शंभरावर नकला जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

नकला जळाल्या याचे दुःख आहेच. पण त्याहून मोठे नुकसान मूळ भिंतीवर होऊन बसले होते. अंधारात चित्र नीट दिसावे, रंग उठून यावे, म्हणून ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बऱ्याच चित्रांवर हलक्या प्रतीचे वार्निस फासले. आपण सुकलेला गोटा पाण्यात बुडवला की त्याचे रंग कसे खुलतात, तसे ते क्षणभर खुलले. मग वार्निस जुने झाले आणि पिवळे पडले. उजळावे म्हणून लावलेले तेच काळोख घेऊन आले. आमच्या तात्यांनी तरी वेगळे काय केले होते?

१९०९ ते १९११ या हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या बाईंनी आणखी नकला करून घेतल्या. नंदलाल बोस तेव्हा तरुण होते, ते या कामावर होते. हैदराबादहून सय्यद अहमद आले होते, आणि पुढे अजिंठ्याच्या चित्रांची देखभालही त्यांच्याकडे आली. हेरिंगहॅमबाई स्वतः चित्रकार होत्या आणि चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा रंगकामावरचा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला होता. म्हणजे इटालीची विद्या आणि अजिंठ्याची भिंत यांची गाठ तेव्हाच पडली होती. लवकरच ती अधिक घट्ट पडणार होती.

इटालीचे कारागीर आणि आपली लाख

त्या वेळी अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१४ मध्ये संस्थानाने पुराणवस्तू खाते काढले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. गिलावा जागोजाग कातळापासून सुटला होता आणि हात लावला तर पोपडे गळत होते. निजाम सरकारने खर्चाला मागेपुढे न पाहता थेट इटालीहून माणसे बोलाविली. लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी अशी त्यांची नावे. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी दोन हिवाळे इथे काम केले.

त्यांच्या कामाचा जमाखर्च मांडायचा तर जमेची बाजू मोठी आहे. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा कातळाला धरविला. मोडक्या कडा भरून बंद केल्या. ते झाले नसते तर सिंहलाच्या लढाईतले किती हत्ती, किती घोडे आज भिंतीवर राहिले असते कुणास ठाऊक! पण शेवटी रंग पक्का राहावा म्हणून त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात दिला. हीच ती लाख, जी आपले सुतार चपडा म्हणून पॉलिशला वापरतात. कपाटाला, खुर्चीला ती शोभते. लाकूड लालसर झाले तर आपण खूष होतो. पण अजिंठ्याच्या हिरव्या-निळ्या रंगांवर ती वर्षे लोटली तशी पिवळसर, तपकिरी होत गेली. वर धूळ धरू लागली.

कुणी म्हणेल, परक्यांना आपली किंमत कळली नाही. तसे नाही. आपल्या घरच्या चित्रांबाबतही त्यांचे पाऊल चुकले आहे. लढाईच्याच चित्राचा दाखला देतो. इटालीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या राजसभेच्या दालनासाठी लिओनार्दो दा विंची याने 'आंघिआरीची लढाई' हे मोठे भित्तिचित्र योजले होते. साल १५०५. ओल्या गिलाव्याची नेहमीची रीत सोडून त्याने नवा प्रयोग केला आणि तो फसला. काम अर्धवटच राहिले. सुमारे साठ वर्षांनी जॉर्जो वासारी याने त्याच दालनात दुसऱ्या लढाईची चित्रे काढली. त्याच्या चित्रात एका निशाणावर 'जो शोधील त्याला सापडेल' अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. त्यावरून काही संशोधकांनी तर्क केला की लिओनार्दोचे चित्र त्या भिंतीच्या आड दडलेले असणार. २०११ मध्ये त्यांनी वासारीच्या चित्रात बारीक भोके पाडून आत नळीचा कॅमेरा घातला. कलेच्या अभ्यासकांनी ओरड केली की न दिसणाऱ्या चित्रासाठी दिसणारे चित्र का भोसकता? २०१२ मध्ये ते काम थांबले. पुढे २०२० मध्ये काही अभ्यासकांनी असेही मांडले की लिओनार्दोने ते चित्र भिंतीवर रंगवायला घेतलेच नव्हते.

तेव्हा हा प्रश्न गोऱ्या-काळ्याचा नाही. आपल्याला जे हवे आहे ते आजच दिसले पाहिजे, या घाईचा आहे.

लाख उतरविण्याचे काम

हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर अजिंठ्याची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आली. १९८३ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खात्याच्या रसायनतज्ज्ञांपुढचे मोठे काम होते लाख आणि वार्निस उतरविण्याचे. लाख लावायला दोन हिवाळे लागले, उतरविण्यात माणसांच्या पिढ्या गेल्या. कारण लाख आणि रंग यांच्यामध्ये भिंत नसते. कापसाचा बोळा, त्यावर विरघळविणाऱ्या द्रव्यांचे मोजून केलेले मिश्रण, आणि एका वेळी भिंतीचा अगदी छोटा तुकडा. हात थोडा जास्त झाला की लाखेबरोबर रंगही निघून येणार. म्हणून आधी कडेला, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी करून पाहायचे, मग पुढे सरकायचे. या साफसफाईतही काही ठिकाणी मूळ रंगाला धक्का लागला, अशी टीका वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अजिंठ्यावर आयुष्य वेचलेल्या अभ्यासकांनी केली आहे. खात्याने पुढे काही ठिकाणी रंग धरून ठेवायला सुतारांच्या पांढऱ्या गोंदाच्या जातीतले एक रसायन वापरले. तोही शेवटी चित्रावर चढलेला परका थरच.

दुसरा शत्रू डोळ्यांना चटकन दिसत नाही. तो म्हणजे किडे. गिलाव्यातला तूस, गवत आणि रंगातला सरस हे त्यांचे खाद्य. पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते. या बाबतीत एक महत्त्वाचे संशोधन २०१६ मध्ये पुढे आले, आणि ते आपल्या वाचकांना विशेष वाटेल. पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याचे नमुने तपासले. त्यांत त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. भांगेच्या तंतूंजवळ किडे येत नाहीत, ओलही आटोक्यात राहते. वेरूळचे बारावे लेणे बौद्ध आहे. तिथला गिलावा किड्यांपासून बचावला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती, आणि तिथली किमान पंचवीस टक्के चित्रे किड्यांनी खराब केली, असे त्यांनी मांडले. म्हणजे अजिंठ्यात जे सोसावे लागले त्यावरून मधल्या काळातले गवंडी शिकले असावेत. त्या अनाम कारागिरांच्या हाताची ही शहाणीव ओळखली ती बाबासाहेबांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठातल्या माणसाने! ज्या नामांतरासाठी आपल्या माणसांनी सोळा वर्षे लढा दिला, त्या विद्यापीठाचा हा उपयोग वाचून कुणाची छाती भरून येणार नाही?

तिसरा शत्रू आपण स्वतः. शंभर माणसे बंद विहारात उभी राहिली की त्यांच्या श्वासाने आणि घामाने हवा दमट होते. म्हणून आत एका वेळी ठराविक माणसेच सोडतात, फ्लॅश मारू देत नाहीत, दिवे मंद ठेवतात. आमच्या गाडीतली काही पोरे कुरकुरली की एवढ्या लांब आलो आणि धड दिसतही नाही. मीही आधी कुरकुरलोच. पण पंधराशे वर्षे टिकलेले चित्र मला पाच मिनिटे झगझगीत दिसावे, हा हट्ट कशासाठी? माझ्या नातवालाही तिथे उभे राहायचे आहे ना?

आधी कौले, मग चित्र

आता पुन्हा मिरजोळ्याच्या बैठकीकडे येतो. तिथे तीन मते होती. एक, भिंत खरवडून लाद्या बसवाव्यात आणि वर बाबासाहेबांचा मोठा फ्लेक्स लावावा. दोन, पेंटर बोलावून त्याच चित्रावर नव्या ऑइलपेंटचा हात द्यावा. तीन, रॉकेलने किंवा थिनरने पुसून काढावे. मी उठलो आणि अजिंठ्याची ही सगळी कथा सांगितली. शेवटी विचारले की नव्या रंगाने बाबासाहेब नवे होतील, पण पायरीवरचे आपले आजे-पणजे पेंटरला कसे ओळखू येणार? तो त्यांना सिनेमातल्या माणसांचे चेहरे देईल. महिला मंडळाच्या आक्कांनी माझी बाजू उचलून धरली. त्यांची आई पाचव्या पायरीवर आहे.

ठराव झाला तो असा. पहिला पैसा छपराला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वरून पाणी येते तोवर भिंतीला काहीही केले तरी वायाच. फुटकी कौले बदलली, वळचणीला पन्हळ लावली, भिंतीच्या पायथ्याशी साचणारे पाणी चर काढून लांब नेले. जांभ्याच्या भिंतीने किती पाणी प्यायले होते ते तेव्हा कळले. ती सुकायला माघ उजाडला. मेणबत्त्या आणि अगरबत्तीचे तबक भिंतीपासून दूर खिडकीकडे नेले. दिवसाच्या उजेडात चित्राचे, प्रत्येक चेहऱ्याचे फोटो काढले, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कोण कुठल्या पायरीवर आहे त्याची नावे वहीत लिहून घेतली. एकूण सत्तावीस जण. त्यांतल्या चौघांची नावे आता कुणालाच आठवत नाहीत. दहा वर्षांपूर्वी विचारले असते तर तीही मिळाली असती.

वार्निसला मात्र हात लावलेला नाही. ते काम जाणत्याचे आहे, आणि जाणता माणूस परवडेल तोवर थांबायचे ठरले आहे. थांबणे म्हणजे हयगय नव्हे. आजोबा अजून पिवळेच आहेत. पण आहेत.

आणि तात्या? बैठकीनंतर ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. मग एके संध्याकाळी विहारात आले, चित्रापुढे बसले आणि म्हणाले, "त्या इटालीवाल्यांनाही कळलं नव्हतं म्हणतोस?" मी म्हटले, "नव्हतं, तात्या. त्यांनीही जीव लावूनच केलं होतं." त्यांनी मान हलवली. कौले उतरविण्याच्या दिवशी सर्वांत आधी शिडीवर चढले ते तात्याच. वय वर्षे चौऱ्याहत्तर.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाड्यावस्त्यांतल्या कितीतरी विहारांत, समाजमंदिरांत अशी चित्रे आहेत. ती काढणाऱ्यांची नावे पुस्तकात येणार नाहीत. अजिंठ्याच्या चित्रकारांचीही आली नाहीत. नव्या लाद्यांसाठी, नव्या फ्लेक्ससाठी ती पुसण्याआधी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन त्या भिंतीपुढे उभे राहा आणि विचारा, हा कोण? ही कोण? नावे लिहून घ्या, फोटो काढा, छपराचे पाणी थांबवा. वार्निसचा डबा मात्र घरीच ठेवा.

जयभीम!